पालथ्या ताटल्या, पालथं गाव

तुळशीबागेत पातेलं घेताना आई ते आधी पालथं करायची. बुडाला टिचकी मारायची, कडेवरून बोट फिरवायची, आणि मग भाव विचारायची. तोंड कुणीही घासून लखलखीत करतं, खरं काय ते बुडाला कळतं, असं तिचं मत होतं. ही सवय माझ्यात उतरली आणि तिच्यापायी यंदाच्या जूनमध्ये मी फ्रान्समधल्या नऊ दिवसांतले बरेचसे तास जुन्या बाजारात ओणवी होऊन काढले. आयफेल टॉवर मेट्रोच्या खिडकीतून दिसला, तेवढा पुरला.

भाची पॅरिसला तीन वर्षं शिकते आहे, त्यामुळे मुक्काम तिच्याकडे आणि दुभाषीही तीच. आमच्या ह्यांनी निघताना एकच सांगितलं होतं, "मोडकं-तोडकं काही आणू नकोस, घरात आपण दोघं आहोत तेवढं पुरे."

शनिवार

सकाळी सातला पोर्त द व्हांव्ह. पॅरिसच्या दक्षिण टोकाला, मेट्रोच्या १३ नंबरच्या मार्गावर. दर शनिवार-रविवारी सकाळी इथे दोन रस्त्यांच्या फुटपाथांवर पथारी लागते. आम्ही पोचलो तेव्हा व्हॅनमधून केळ्यांच्या खोक्यांत भरलेला माल उतरत होता. ह्या माल उतरवण्याला त्यांचा खास शब्द आहे, 'देबालाज', आणि मुरलेली गिऱ्हाइकं त्याच वेळी घिरट्या घालतात. खोकं जमिनीवर टेकायच्या आत त्यात हात गेलेला असतो.

मी एका पथारीपुढे बसले, एक वाडगा उचलला आणि "कितीला?" असं भाचीकडून शिकलेलं फ्रेंच वाक्य फेकलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भाची मागून कुजबुजली, "मावशी, आधी बोंझूर म्हण. बोंझूर न म्हणता भाव विचारणं म्हणजे चपला घालून देवघरात जाणं." मग मी बोंझूर म्हटलं, त्याही बोंझूर म्हणाल्या, आणि वाडगा आठ युरोचा निघाला. बाहेरून उभ्या पन्हळी असलेला, जाडसर, कॉफी प्यायचा. जुन्या घरांत सकाळची दूध-कॉफी अशा वाडग्यातून, दोन्ही हातांत धरून पितात. घ्यावा की न घ्यावा म्हणून मी तो क्षणभर खाली ठेवला. माझ्या खांद्यावरून एक हात आला, वाडगा उचलला गेला, पैसे दिले गेले. ह्या बाजाराचा हाच कायदा: हातात आहे तोवर तुमचं, खाली ठेवलं की गावाचं.

घासाघीस होते, पण आपल्यासारखी निम्म्यापासून नाही. वीस सांगितले तर सोळा-सतरावर गाडी थांबते. "कमी करा" असं तोंडाने म्हणत नाहीत, "थोडे कष्ट घेता येतील का?" असं विचारतात. विक्रेता गाल फुगवून हवा सोडतो, आकाशाकडे बघतो, आणि दोन युरोचे कष्ट घेतो.

त्याच सकाळी मी माझा पहिला पराक्रम केला. खरडलेल्या खोक्यात बारा चमचे, बारा काटे, भरदार वजनाचे. पालथे केले, दांड्याच्या मागे ठसे. चांदी! भाव चाळीस युरो. मी बोंझूर म्हटलं, कष्ट वगैरे काही न विचारता पैसे टेकवले आणि तिथून जवळजवळ पळाले. न जाणो, बिचाऱ्याला आपली चूक लक्षात आली तर.

रविवार

आज 'विद्-ग्रेनिए', म्हणजे शब्दशः माळा रिकामा करणं. कालचे विक्रेते व्यावसायिक होते, आजचे शेजारीपाजारी. ठरलेल्या रविवारी नगरपालिकेच्या परवानगीने एखादा रस्ता बंद होतो आणि लोक घरातलं नकोसं सामान टेबलावर मांडून बसतात. कायद्याने सामान्य माणसाला वर्षातून दोनदाच असं बसता येतं, तेही स्वतःच्या वापरलेल्या वस्तू घेऊन. त्याहून जास्त बसलात तर तुम्ही व्यापारी. आणि व्यापाऱ्याला कोणती वस्तू कुणाकडून घेतली ह्याचं रजिस्टर ठेवावं लागतं, चोरीचा माल फिरू नये म्हणून. त्या वहीचं नावच 'पोलिसांची वही'.

मला ह्यात सगळ्यात नवल वाटलं ते माणसांचं. आपल्याकडे जुनं द्यायचं ते बोहारणीला, नाहीतर घरकामाला येणाऱ्या बाईला, आणि तेही दार अर्धं लावून. घरातले जुने डबे रस्त्यावर मांडून बसलात तर सोसायटीत संध्याकाळपर्यंत 'त्यांचं जरा ओढाताणीचं चाललंय' अशी बातमी होईल. इथे चांगल्या पेहरावातले आजोबा स्वतःचे बूट जोडीला तीन युरोने विकत होते आणि शेजारी त्यांचा नातू चादरीवर खेळण्यातल्या मोटारी मांडून त्यांच्याहून चांगला धंदा करत होता. मोटारीचं चाक मोडकं असल्याचं त्याने न विचारता सांगितलं आणि भाव मात्र कमी केला नाही.

एका आजींकडे लाकडी पेटीचं कॉफी दळायचं यंत्र होतं, खाली छोटा खण, वर हात. पुढे पितळी पट्टीवर नाव, प्यूजो. मोटारवालेच ते. मोटारींच्या कितीतरी आधी, १८४० पासून, हे घराणं कॉफीची यंत्रं करत होतं, आणि १८७४ पासून मिरपुडीची. आजींनी यंत्र दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून कसं दळायचं ते करून दाखवलं. आमच्या आज्या जात्यापुढे एक पाय लांब करून बसायच्या, ती बैठक आठवली. पंधरा युरो. घेतलं. दोन-तीन दाणे आत अडकलेले होते, ते घरी येईपर्यंत खुळखुळत राहिले.

त्याच टेबलावर तागाच्या चादरींची चळत होती. कोपऱ्यात लाल दोऱ्याने उलट्या टाक्यात दोन अक्षरं भरलेली, प्रत्येक चादरीवर तीच. लग्नाआधी मुलीने सासरी न्यायच्या कापडांवर आद्याक्षरं भरून ठेवायची, डझनाच्या हिशोबाने, अशी पद्धत होती. म्हणजे रुखवतच. आपण कापडावर नाही, भांड्यांवर नावं घातली. माझ्या आजीच्या पितळी तपेल्यावर तिचं नाव, गाव आणि तिथी कोरलेली होती. स्टीलचं वारं आलं तेव्हा ते मोडीत गेलं, वजनावर. मोडीत नावाचे पैसे मिळत नाहीत. चादरीचं वजन बघून मी नाद सोडला आणि त्याच अक्षरांचा एक हातपुसणीचा टॉवेल घेतला.

सोमवार

सँतुअँ. पॅरिसच्या उत्तर वेशीबाहेरचा, जगभर गाजलेला 'पिसवांचा बाजार'. तो शनिवार ते सोमवार भरतो, पण सोमवारी गर्दी नसते आणि निम्मी दुकानंही बंद असतात. पोर्त द क्लिन्यांकूरला मेट्रोतून बाहेर आलं की आधी नकली जीन्स, फोनची कव्हरं, 'मॅडम मॅडम' अशा हाका. मी म्हटलं हे तर आपलं फॅशन स्ट्रीट. भाची म्हणाली, चालत राहा. रिंगरोडच्या पुलाखालून पलीकडे गेलं की बाजार सुरू होतो, म्हणजे बाजार एक नव्हे, रस्त्याच्या कडेने एकेका नावाचे अनेक.

ह्याची जन्मकथा मला फार आवडली, कारण ती कचऱ्याची आहे. पॅरिसमध्ये चिंध्या वेचणारी मोठी जमात होती. रात्री पाठीवर टोपली, हातात आकडा आणि कंदील घेऊन रस्त्यावरचा कचरा उपसायचा, चिंध्या कागदाच्या गिरणीला, हाडं बटणवाल्याला, धड वस्तू बाजारात. १८८३ मध्ये तिथले प्रीफेक्ट, म्हणजे सरकारने नेमलेले मुख्य प्रशासक, यूजेन पूबेल ह्यांनी हुकूम काढला: प्रत्येक घरमालकाने झाकणाचे डबे ठेवायचे, तेही तीन. सडणारा कचरा एकात, कागद-चिंध्या दुसऱ्यात, काच, फुटकी भांडी आणि कालवांचे शिंपले तिसऱ्यात. ओला-सुका सांगून दमलेल्या पुणेकर बाईने हे वाचलं की तिला एक खुर्ची लागते. चिंधीवाल्यांच्या पोटावर पाय आला, त्यांनी आरडाओरडा केला, आणि लोकांनी त्या साहेबांचंच नाव डब्याला ठेवलं. आजही फ्रेंचमध्ये कचऱ्याच्या डब्याला पूबेलच म्हणतात. वेचणाऱ्यांपैकी बरेच तटाबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात राहायचे, तिथेच माल मांडायचे. १८८५ मध्ये सँतुअँच्या नगरपालिकेने रस्ते नीट केले, जागेचं भाडं घ्यायला सुरुवात केली, आणि बाजार अधिकृत झाला. पुण्यातल्या कचरावेचकांच्या १९९३ च्या संघटनेचं नाव आहे 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. पूबेलसाहेबांच्या डब्यांची यादी आणि हे नाव शेजारी ठेवून बघा.

आजच्या सँतुअँमध्ये मात्र चिंधी दिसणार नाही. पोल बेर आणि सेर्पेत ह्या बाजारांत सजावटकार लोक येतात. तिथल्या एका खुर्चीची किंमत मी ९० ने गुणली आणि पुन्हा गुणायचं नाही असं ठरवलं. बिरोंमध्ये सोनेरी मुलाम्याचं इतकं फर्निचर की डोळे दिपावेत. मला रमायला झालं ते व्हेर्नेझोंमध्ये. १९२० सालापासूनचा हा बाजार म्हणजे बोळ, वळणं, आणि खोपटाएवढाली दुकानं. एकात फक्त बटणं. एकात काचेचे लोलक. एकात बाहुल्यांचे डोळे खणांत भरून ठेवलेले, निळे वेगळे, तपकिरी वेगळे. ते सगळे वर बघत होते.

इथेच माझ्या चांदीचा निकाल लागला. काट्या-चमच्यांच्या एका दुकानात वयस्कर गृहस्थ भिंग लावून बसले होते. पिशवीतला एक चमचा मी त्यांच्यापुढे ठेवला. भिंगाशिवायच ते हसले. मग दोन चमचे शेजारी ठेवून त्यांनी शाळा घेतली. खऱ्या चांदीवर शिरस्त्राण घातलेल्या मिनर्व्हा देवीचं डोकं असतं, १८३८ पासूनचा सरकारी ठसा. डोक्याशेजारी बारीक १ असेल तर हजारात ९५० भाग चांदी, २ असेल तर ८००. आणि कारागिराचा ठसा उभ्या शंकरपाळीच्या आकारात. चांदीचा नुसता मुलामा असेल तर देवी नाही, आणि कारागिराचा ठसा चौकोनात. माझा चौकोन होता. शेजारी ८४ असा आकडाही होता, जो मी शुद्धतेचा समजून बसले होते. तो अख्ख्या डझन जोड्यांवर चढवलेल्या चांदीचा, ग्रॅममध्ये. म्हणजे चोवीस नगांवर मिळून ८४ ग्रॅम.

"चाळीस दिलेत? ठीक भाव आहे," ते म्हणाले. ठीक! म्हणजे परवा मी पळत होते तेव्हा त्या विक्रेत्याला माझ्या मागे यायचं काहीच कारण नव्हतं. त्यांनी आणखी एक सांगितलं ते इथे लिहून ठेवते: हस्तिदंती मुठीच्या सुऱ्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नका, विमानतळावर गळ्याशी येतात.

त्यांच्याच तोंडून एक शब्दप्रयोग ऐकला. वस्तू न घासता, न रंगवता, मिळाली तशी विकायला ठेवली असेल तर ती 'आपल्या रसात' आहे असं म्हणतात. मुरांब्यासारखी. असल्या वस्तूचा भाव जास्त. दुकानदाराने रंग काढून पॉलिश मारलं की तिचा रस गेला. आमच्याकडे जुनं कपाट मिळालं की आधी सनमायका लावायचं बघतात, त्यांना हे ऐकवायला हवं.

मंगळवार

प्लास द अलीग्र. भाजीबाजाराच्या मधोमध जुन्याची काही टेबलं. सोमवार सोडून रोज सकाळी असतात. माल फार नाही, फुटकंच जास्त, पण एकीकडे चेरी आणि दुसरीकडे पोस्टकार्डं अशी सोय दुसरीकडे नाही. जुनी पोस्टकार्डं बुटांच्या खोक्यांत, फ्रान्सच्या जिल्ह्यांच्या नंबराप्रमाणे लावलेली. 'परदेश' असं लिहिलेल्या खोक्यात पाँडिचेरीची दोन मिळाली, आणि एक मुंबईचं. त्यावर घोड्याची ट्राम, आणि मागे फ्रेंचमध्ये एवढंच: "उकाडा फार. पत्र मिळालं. मिठ्या." तीन युरो. चेरी चारच्या.

बुधवार ते शुक्रवार

पाऊस. बुधवारी द्रुओच्या लिलावघरात गेलो. १८५२ सालापासूनचं हे घर, आणि आत जायला कुणी अडवत नाही. विक्रीच्या आदल्या दिवशी माल बघायला मांडतात, हात लावून, पालथा करून बघता येतो. एका खोलीत कुणाच्यातरी घराचा सबंध संसार होता, झुंबरापासून गाळणीपर्यंत. हातोडा पडतो त्या किमतीवर लिलावघराचा आकार वेगळा चढतो, हे न कळता हात वर करणाऱ्यांची गंमत होते म्हणे. मी दोन्ही हात खिशात ठेवून बसले, नाक खाजलं तरी.

गुरुवारी एमाउसच्या दुकानात. आबे पिएर ह्या धर्मगुरूने १९४९ मध्ये सुरू केलेली ही संस्था. बेघर माणसं एकत्र राहतात, लोकांनी दिलेलं सामान दुरुस्त करून विकतात. ताटल्या अर्ध्या युरोला एक. पहिल्या दिवशी हातून गेलेल्या वाडग्याचा सख्खा भाऊ दोन युरोत मिळाला. शुक्रवारी बॅग तोलली: १९ किलो. परवानगी २३ ची.

शनिवार

आगगाडीने दक्षिण फ्रान्समधलं आव्हिन्यों. लिहिण्यासारखं काही नाही. ऊन, रस्त्याकडेला 'प्लेन' नावाची झाडं, आणि खोलीत पंखा नाही.

रविवार

आव्हिन्योंहून छोट्या गाडीने अर्ध्या तासात लील-स्यूर-ला-सोर्ग. सोर्ग नदीचे फाटे गावातून खेळवलेले, पाणी हिरवं आणि हाडं गारठवणारं, आणि त्यात शेवाळाने लडबडलेली मोठाली लाकडी चक्रं. एके काळी ती रेशमाच्या आणि लोकरीच्या गिरण्या चालवत. १९६६ मध्ये इथे जुन्या वस्तूंची जत्रा सुरू झाली आणि गावाने पुढे तोच धंदा धरला. जुन्या गिरण्यांत दुकानांचे पुंजके आहेत, आणि दर रविवारी नदीकाठच्या रस्त्यावर पथाऱ्या. शेजारच्या गल्ल्यांत भाजी, ऑलिव्ह, साबण. पॅरिसपेक्षा भाव चढे, कारण इथे विकत घेणारे सुट्टीवर असतात. कळकट पाटीसुद्धा 'प्रोव्हाँस' ह्या इथल्या प्रांताच्या नावावर विकली जाते.

वरून पिवळी झिलई आणि खाली कोरी माती असे रांजण एका दुकानाबाहेर ओळीने मांडले होते. बदकाचं मांस चरबीत घालून साठवायचे. आमच्या लोणच्याच्या बरणीची मांसाहारी मावसबहीण. दीडशे युरो ऐकून मी तिला नमस्कार केला.

पथाऱ्यांच्या शेवटी एका म्हाताऱ्याकडे लोखंडी गज, बिजागऱ्या, निळ्या पत्र्यावर पांढरे आकडे असलेल्या घरनंबरांच्या पाट्या, आणि त्यांच्यामागे भिंतीला टेकवून चार कौलं. सवयीने एक पालथं केलं आणि तशीच बसून राहिले. बुडाला मधमाशी. उठावदार, पंख पसरलेली, भोवती अक्षरं: गिशार कार्व्हँ आणि कंपनी, मार्सेय, सेंट आंद्रे.

ही मधमाशी मी पाचवीत असताना पहिल्यांदा पाहिली. मालवणच्या आमच्या घरी पावसाआधी कौलं चाळायला माणसं चढायची आणि खाली आम्ही मुलं उतरवलेली कौलं मोजायचो. बाकीची मंगळुरी. माजघरावरची मात्र मधमाशीवाली. "ही बोटीतून इलेली," एवढंच आजोबा सांगायचे. मार्सेय ह्या फ्रेंच बंदराच्या भट्ट्यांतून अशी एकमेकांत अडकणारी कौलं जहाजं भरभरून हिंदी महासागराच्या बंदरांना जायची. बासेल मिशन ह्या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने मंगळूरला कारखाना काढला तो १८६५ मध्ये, आणि पुढे आपण ज्याला मंगळुरी कौल म्हणायला लागलो तेही ह्याच घाटाचं.

"बारा युरो," म्हातारा म्हणाला. बोंझूर आधीच झालं होतं.

मी तिथूनच चुलतभावाला व्हिडिओ कॉल लावला. त्याच्याकडे दुपारचे तीन, म्हणजे ऐन झोपेची वेळ.

"काय गो, कवलां बघूक फ्रान्साक गेलंस?"

"अरे, माजघरावरची ती मधमाशीची कौलं आहेत का अजून?"

"मांगराच्या मागे ढीग पडलो हा. घर सिमेंटाचा केला तेव्हा काढलेली. कित्याक?"

मी म्हटलं, दाखव. तो लुंगी सावरत मागे गेला. ढिगावर एक कोंबडी बसली होती, ती त्याने हुसकली आणि वरचं कौल पालथं करून कॅमेऱ्यासमोर धरलं. शेवाळ होतं. अंगठ्याने त्याने ते पुसलं. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर सरकवून माझा फोन स्वतःच्या हातात घेतला, बराच वेळ बघितलं, आणि भाचीला विचारलं की ह्या गृहस्थाकडे अशी किती आहेत.

भावाने भाव विचारला. मी ९० ने गुणून सांगितला. पलीकडे थोडा वेळ नुसता कोंबडीचा आवाज.

"तेका सांग," तो म्हणाला, "हय ये, मी तुका पाचशेक दितंय. भाडा तुझा."

भाचीने हे शब्दशः भाषांतरित केलं. म्हाताऱ्याने गाल फुगवले, हवा सोडली, आकाशाकडे पाहिलं आणि बाराचे नऊ केले.

कौल तीन किलोच्या आसपास, आणि माझी बॅग भरलेली. ते भाचीने घेतलं. तिच्या ओट्यावर जागा नाही, म्हणून कुकर उतरवून खिडकीत ठेवायला तिला काहीतरी हवंच होतं.